सहीआधीचं भ्या

पुतण्याच्या रजिस्टर लग्नात साक्षीदार म्हणून आमच्या साहेबांना चंदगडला बोलावलं होतं. हार आले होते, पेढ्यांचा बॉक्स उघडला होता, फोटोवाला स्टुलावर चढून तयार होता. पेन हातात दिलं तसे साहेब म्हणाले, "थांबा. पोरीशी बोलायचं हाय." नवरी समोरच बसली होती. तिला त्यांनी बाहेर व्हरांड्यात नेलं आणि विचारलं, "अक्का, हे तुझ्या मनानं चाललंय का? का कुणी दाब दिलाय?" पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. आत फोटोवाला स्टुलावरून खाली आला. नवऱ्या मुलाचं तोंड तर पार उतरून गेलं. थोड्या वेळानं साहेब आत आले, खुर्ची ओढली, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. पोरगी का रडली ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, नंतर मला सांगितलं. लग्न ठरल्यापासून तिला तसं कुणी विचारलंच नव्हतं.

सही म्हटलं की साहेबांचं असंच. कुरिअरवाल्याला दारात उभं करून आधी पाकीट फोडायचे, आतलं बघायचे, मग सही. मुलीचं प्रगतिपुस्तक आलं की तिला समोर बसवायचे. "ह्यात लिवलंय तुला भूगोल चांगला येतोय. सांग बघू, राधानगरीचं धरण कुठल्या नदीवर हाय?" उत्तर चुकलं की प्रगतिपुस्तक तसंच परत. मुलगी पुढं पुढं ते गुपचूप आईकडं न्यायला लागली.

आज हे सांगताना हसू येतं. पण मी त्यांच्या हाताखाली होते तेव्हा मला हसू कधी आलं नाही. तेव्हा फक्त भीती वाटायची.

कोल्हापूरच्या विमानतळाच्या एका कडेला वैमानिक घडवणारी एक छोटी संस्था होती. पत्र्याचं हँगर, दोन माणसं बसतील अशी चिमुकली विमानं, आणि त्या विमानांची देखभाल करणारे परवानाधारक इंजिनिअर म्हणजे आमचे साहेब. विमानाचा नट कुणीही आवळू शकतो. पण 'हे विमान आता उडायला योग्य आहे' असं लिहून त्याखाली सही करायची तर सरकारच्या विमान वाहतूक खात्याचा परवाना लागतो. त्या परवान्यावर कुठल्या जातीची विमानं आणि कुठली इंजिनं ते लिहिलेलं असतं. त्याच्या बाहेर केलेली सही म्हणजे नुसती शाई. शिवाय परवाना एकदा मिळाला म्हणून जन्माचा होत नाही. गेल्या दोन वर्षांत किमान सहा महिने तुम्ही खरोखर काम केलंय हे दाखवता आलं नाही, तर परवाना खिशात असूनही सही चालत नाही.

साहेब रोज सकाळी आपला परवाना काढून वाचायचे. मी एकदा विचारलं, "साहेब, पाठ असेल की तुम्हाला."

"मला काय करता येतंय ते पाठ हाय," ते म्हणाले. "काय करता येत न्हाय ते रोज वाचावं लागतंय."

आणि मग आमच्याकडं वळून तो त्यांचा प्रश्न. "भ्या वाटतंय का?"

मी कबनूरची. घरात यंत्रमाग, कानात त्यांचा खडखडाट, त्यामुळं आवाज मोठा आणि छाती पुढं. विमान देखभालीचा कोर्स करून, खात्याचे पेपर देऊन मी तिथं आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मलाही विचारलं. इंजिनिअरला आत्मविश्वास पाहिजे असं कॉलेजात सांगितलेलं, म्हणून मी ताठ उभी राहून म्हणाले, "नाही सर."

"बरं. मग हँगर झाडून घे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हँगरच्या दारात नेलं. समोर कँटीनच्या बाकावर एक शिकाऊ वैमानिक मुलगी पोहे खात बसली होती. वर्ध्याकडची होती, बारीक अंगाची, सतत हसणारी. "ती बघ," साहेब म्हणाले. "पोहे संपवून ती वर जाणार. एकटी. वर गेल्यावर तिच्या आणि जमिनीच्या मधी काय हाय? तिची आई न्हाय, शिकवणारा कॅप्टन न्हाय. माझी सही हाय तेवढी." ती मुलगी शेंगदाणे वेचून वेचून बाजूला ठेवत होती, शेवटी खायला. मला काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी डबा उघडावासाच वाटला नाही. दुसऱ्या सकाळी साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "व्हय."

"मग हात धू आणि ये."

त्यांच्या हँगरमध्ये शिरताना खिसे उलटे करून दाखवावे लागायचे. नाणी, मोबाइल, अंगठी, सुपारी, सगळं दारातल्या स्टीलच्या डब्यात. बोलायचं हळू, पळायचं तर अजिबात नाही. हत्यारांचं कपाट म्हणजे देव्हारा. निळ्या स्पंजात प्रत्येक हत्याराचा आकार कापलेला आणि ते हत्यार त्या आकारात निजवलेलं. संध्याकाळी काम संपलं की साहेब कपाटासमोर उभे राहून ओळीनं बघायचे. एकही खाच रिकामी नाही अशी खात्री झाली की मगच विमानाच्या कागदावर सही.

लोक म्हणायचे, पूर्वी कुठं तरी त्यांच्या हातून विमान पडलं असणार, म्हणून माणूस असा झालाय. कोण म्हणायचं दोघं गेले, कोण म्हणायचं त्यांचा दोस्तच त्यात होता. एकदा मी धीर करून विचारलं. "माझ्या हातनं आजवर काय झालं न्हाय," ते म्हणाले. "म्हणून तर भ्या वाटतंय."

गावाकडून येताना ते एसटीत ड्रायव्हरच्या बरोबर मागं बसायचे. घाटात एकदा ड्रायव्हर फोनवर बोलायला लागला. साहेब उठून म्हणाले, "ओ पावणं, फोन ठेवा न्हायतर मला उतरवा." ड्रायव्हरनं चेष्टेनं गाडी थांबवली, आणि साहेब खरंच उतरले. चंदगडचा पाऊस, हातात काजूची पिशवी. दुसऱ्या दिवशी ते भिजलेल्या बुटांनी कामावर आले तेव्हा ते काजू आम्हाला वाटताना म्हणाले, "मऊ पडल्यात जरा. खावा."

आता माझ्या सह्यांचं. नुसते पेपर पास होऊन परवाना मिळत नाही. चालू विमानांवर काम केल्याचा अनुभव लागतो. केलेलं प्रत्येक काम अनुभवाच्या वहीत लिहायचं आणि परवानाधारकानं त्यापुढं सही करायची, की हो, हिनं हे माझ्यासमोर केलं. माझ्याबरोबरच्या एका मुलाची अख्खी वही त्याच्या साहेबांनी हॉटेलात जेवता जेवता भरून दिली होती. माझी वही मात्र महिनोन्‌महिने अर्धीच. कबनूरहून वडील वैतागून एकदा हँगरवर आले.

"पावणं," ते साहेबांना म्हणाले, "पोरीच्या सह्या कधी हुणार? तिच्या बरोबरची पोरं कवाच कामाला लागली की."

"चाक बसवायची सही ऱ्हायलीय तिची."

"म्हंजे तिला येत न्हाय म्हणा की."

"येतंय. पण एकदा येणं येगळं आणि दर टायमाला येणं येगळं."

वडिलांना हे पटलं नाही. तेव्हा साहेबांनी त्यांना विमानाजवळ नेलं, खाली वाकायला लावलं आणि चाकाच्या नटातून आरपार घातलेली पिन दाखवली. साडीला लावतात त्या पिनेएवढी.

"ही घालायची ऱ्हायली तर?" वडिलांनी विचारलं.

साहेबांनी हँगरच्या दाराकडं मान वळवली. ते नुसते बाहेर बघत राहिले. बाहेर सावलीत शिकाऊ पोरं-पोरी बसली होती, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक एकमेकांच्या तोंडाला फासत होती. वडीलही तिकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्यासाठी आणलेली चादर माझ्या हातात दिली आणि निघाले. मी एसटीपर्यंत सोडायला गेले तर म्हणाले, "बाळ, तू बँकेची परीक्षा दे. हे नगं आपल्याला."

त्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी एका विमानाची वार्षिक तपासणी निघाली. मी तेव्हा रजेवर होते, वडिलांना ताप होता. परतले त्या सकाळी वर्ध्याची मुलगी त्याच विमानातून एकटी राधानगरीकडं निघताना भेटली होती; हँगरमध्ये कुणी नव्हतं. मी खिसे डब्यात रिकामे केले, कपाट उघडलं आणि दुसऱ्या ओळीत माझी नजर अडकली. एक खाच रिकामी होती. वर गोल, खाली लांब दांडी. दाताचे डॉक्टर तोंडात घालतात तसा एक आरसा तिथं असायचा, विमानाच्या अडचणीच्या जागेत घालून बघायला.

मागून साहेबांचा आवाज आला. "भ्या वाटतंय का?"

मी बोट दाखवलं.

"काय?"

"आरसा, साहेब."

त्यांनी कपाटाकडं बघितलं. अगदी त्याच खाचेकडं बघितलं आणि म्हणाले, "हाय की." आणि तो घ्यायला हात पुढं केला. त्यांची बोटं स्पंजाला टेकली.

मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी पुन्हा कधी कुणाचा पाहिला नाही. बोटं तशीच त्या रिकाम्या खाचेत होती.

"इमान कुठाय?" त्यांनी विचारलं.

"वर गेलंय. वर्ध्याची घेऊन गेलीय. राधानगरीकडं. एकटी."

ज्या हँगरमध्ये पळायला बंदी होती त्या हँगरमधून साहेब पळत सुटले. मी त्यांच्या मागं. पळता पळता त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. परवा त्यांनी शेपटीचं झाकण काढून आतल्या तारा आरशानं तपासल्या होत्या. वैमानिक समोरचा दांडा मागं ओढतो तेव्हा ह्याच तारा शेपटीचा पत्रा हलवतात आणि नाक वर येतं. दांडा पुढं गेला की नाक खाली. तारेत काही अडकलं तर दांडा जिथं असेल तिथंच. तारा सोडवून पुन्हा बसवल्या असत्या तर नियमानं दुसऱ्या परवानाधारकानं येऊन ते काम नव्यानं तपासावं लागलं असतं. पण तारा सोडवल्याच नव्हत्या, फक्त बघितल्या होत्या. त्यामुळं दुसरं कुणी आलं नव्हतं.

संस्था चालवणारे कॅप्टन त्यांच्या खोलीत चहा पीत होते. निवृत्त वैमानिक, शांत माणूस, मुलांना उडायला तेच शिकवायचे. आमच्या विमानांशी बोलायचा रेडिओ त्यांच्याच टेबलावर असायचा.

"पोरीला परत बोलवा," साहेब म्हणाले. "शेपटीत आरसा ऱ्हायलाय."

"नक्की?"

"नक्की न्हाय. कपाटात न्हाय एवढं नक्की."

कॅप्टननी कप खाली ठेवला. "काल संध्याकाळी त्याच विमानातून मी फेरी मारून आलो. काही झालं नाही. तासाभरात येईलच ती. आत्ता सांगितलंत तर घाबरेल. एकटी आहे, नवी आहे. घाबरलेला हात आरशापेक्षा वाईट."

हे काही वेड्यासारखं बोलणं नव्हतं. मला तर तेव्हा तेच बरोबर वाटलं. पण साहेब म्हणाले, "न सांगता ती इमान आडवं करून खोल वळण घेईल. दांडा जोरात ओढील. आपण तिला वळायला शिकवलंयच तसं. मग?"

कॅप्टननी माइक पुढं केला.

साहेबांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "अक्का, मी बोलतोय हँगरवरनं."

"सर! गुड मॉर्निंग सर." तिचा आवाज हसरा होता. मागं इंजिनाचा गुणगुणाट.

"इमान बरं चाललंय न्हवं?"

"एकदम छान, सर. खाली धरण दिसतंय."

"नीट ऐक. शेपटीत माझा एक आरसा ऱ्हायलाय असं वाटतंय. माझ्या हातनं ऱ्हायलाय. तारांजवळ. अडकंलच असं न्हाय. पण अडकू शकतोय."

रेडिओवर नुसती खरखर.

"अक्का?"

"ऐकतेय सर." आवाज बारीक झाला होता, एखाद्या लहान मुलीसारखा.

"भ्या वाटलं तर वाटू दे. दांडा बोटांनी धर, मुठीनं धरू नगं. झटका न्हाय. खोल वळण न्हाय. लांबनं, सरळ ये. पुढचं कॅप्टन सांगतील."

"सर, खरंच आहे का तो तिथं?"

साहेबांनी डोळे मिटले. "ठाऊक न्हाय, अक्का."

ते 'ठाऊक न्हाय' माझ्या कानात अजून आहे. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, काही नाही गं, नुसती शंका आहे, ये तू आरामात.

कॅप्टननी माइक घेतला आणि ते तिच्याशी अगदी हळू आवाजात, गप्पा मारल्यासारखं बोलायला लागले. टॉवरला कळवलं, धावपट्टी मोकळी केली, अग्निशमनची गाडी चालू करून कडेला उभी केली. आम्ही बाहेर आलो. आभाळ स्वच्छ होतं. पलीकडं ऊस डुलत होता, रस्त्यानं ट्रॅक्टर चालले होते, एकाचा टेप मोठ्यानं लावलेला होता. कुणाला काही माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात अंबाबाईला हाका मारत होते. साहेबांचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते, जणू त्यांचे नव्हतेच.

मग राधानगरीच्या बाजूला एक ठिपका दिसला. तो मोठा होईना. किती तरी वेळ तेवढाच. मग हळूहळू त्याला पंख फुटले. ती फार लांबून, अगदी उतारावरून सायकल सोडावी तशी येत होती.

"आता शेवटी दांडा मागं घ्यायला लागणार," साहेब पुटपुटले. "ते काय चुकत न्हाय."

उतरताना चाकं टेकायच्या आधी नाक वर घ्यावंच लागतं. म्हणजे तार ओढावीच लागते. विमान धावपट्टीवर आलं, खाली आलं, अजून खाली आलं. नाक वर होईना. माझ्या शेजारी कुणीतरी मोठ्यानं श्वास ओढला. मग नाक उचललं गेलं, थोडंसं, जणू कुणी चुलीवरचं भांडं उचलतंय. चाकं टेकली, विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि धावत धावत मध्येच थांबलं. तिनं तिथंच इंजिन बंद केलं. पंखा थांबला तरी ती खाली उतरली नाही. कॅप्टन तिच्याकडं चालत गेले आणि दार उघडून बराच वेळ तसेच उभे राहिले.

विमान ढकलत आणलं. साहेबांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पण तो स्क्रूच्या खाचेत बसेना. त्यांनी तो माझ्याकडं दिला. "तू उघड." मी झाकण काढलं आणि बॅटरी मारली. आरसा तिथं होता. तार जिथं वळते त्या पट्टीच्या शेजारी आडवा पडलेला. दांडीवरचा रंग एका रेषेत घासून गेला होता, आतलं लोखंड ताजं चमकत होतं. तार तिथं घासत होती. काच फुटली नव्हती. त्या काचेतून माझाच डोळा माझ्याकडं बघत होता.

वर्ध्याची मुलगी मागं येऊन उभी राहिली होती. साहेब तिला म्हणाले, "माझ्या हातनं झालंय."

"हो सर," ती म्हणाली, आणि हँगरच्या मागं जाऊन ओकली.

नंतर कॅप्टननी खोलीचं दार लावून घेतलं. आत आम्ही तिघंच. "सापडला," ते म्हणाले. "कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आरसा जागेवर ठेवा आणि विसरा." नियम त्यांनाही ठाऊक होता. अशी घटना खात्याला कळवावीच लागते. पण कळवली की साहेबांचा परवाना जाणार, आणि संस्थेत सही करू शकणारा तो एकच माणूस. विमानं उभी राहणार. कर्ज काढून शिकायला आलेल्या पोरांचे उड्डाणाचे तास थांबणार. कॅप्टननी माझ्याकडं बोट केलं. "हिची वही? तिच्यावर कोण सही करणार?" मी खाली बघत होते. साहेबांनी गप बसावं असं मला वाटत होतं, अगदी मनापासून.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोरा कागद मागितला.

"अहो, विचार करा जरा."

"केला की. आज हे झाकलं तर उद्या मी सही कराय बसलो की तुम्ही म्हणणार, मागं झाकलंच होतं न्हवं? आणि मला न्हाय म्हणता येणार न्हाय."

त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं. आपल्याच विरुद्धचा तो कागद. त्यांनी एवढ्या झटकन सही केलेली मी कधीच पाहिली नव्हती.

खात्याचे अधिकारी आले. त्यांनी कपाट बघितलं, झाकण बघितलं, मला विचारलं, त्या मुलीला विचारलं. साहेबांना त्यांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली, की एवढी मोठी रिकामी खाच संध्याकाळी दिसली कशी नाही. साहेब म्हणाले, "मी कपाट डोळ्यानं बघितलं न्हाय. सवयीनं बघितलं." परवाना काही महिन्यांसाठी निलंबित झाला. माणसाच्या हातून चुका कशा घडतात ह्या विषयाचा पेपर पुन्हा द्यायचा हुकूम झाला. हा विषय आम्हाला इतके दिवस साहेबच शिकवत होते.

त्या संध्याकाळी काय झालं होतं ते मला काकींकडून कळलं. झाकण लावता लावता ऑफिसातला शिपाई बातमी घेऊन आला होता, साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून. पोरांनी पेढे आणायला लावले. साहेब हसले, पेढे वाटले, खाल्ले आणि उरलेलं काम पुरं केलं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा ते अंगणात बसून होते. म्हणाले, "त्या येळला मला भ्या वाटलं न्हवतं, बघ. कितीतरी वर्सांनी. लई हलकं वाटत होतं."

संस्था बंद पडली नाही. बेळगावहून एक परवानाधारक ठरावीक दिवशी यायला लागले. चांगले होते, हसतमुख. पण काही विचारलं की म्हणायचे, "काय होत नाही." ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून संध्याकाळी हत्यारं आता दोघांनी वेगवेगळी मोजायची होती. त्यातली एक मी. मी प्रत्येक खाचेतल्या हत्याराला बोट लावून बघायची. डोळ्यांवर माझा विश्वासच उडाला होता.

पुढं साहेबांचा परवाना परत मिळाला. ते आले, त्यांनी माझी वही पुरी केली, चाक बसवायची सही सगळ्यात शेवटी. आज मी दुसऱ्या शहरात मोठ्या विमानांवर सही करते. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो, कॅप्टनसुद्धा. सगळं नीट झालं म्हणायचं.

पण साहेब म्हटलं की मला निलंबनातला एक दिवस आठवतो. वर्ध्याच्या मुलीचे आईवडील तिला न्यायला आले होते. वडील साहेबांच्या घरी गेले आणि दारातूनच म्हणाले, "तुमच्या भरवशावर माझी मुलगी वर गेली होती." साहेब म्हणाले, "व्हय." मग त्या गृहस्थांनाच बसावंसं वाटलं असावं, ते पायरीवर बसले आणि काकींनी त्यांना पाणी दिलं. मुलगी मात्र जायला तयार झाली नाही. "त्यांनी मला खरं सांगितलं," ती बापाला म्हणाली. "मला पुन्हा एकटीनं जायचंय."

ती पुन्हा एकटी वर गेली त्या सकाळी मी शेपटीचं झाकण उघडून बघितलं, लावलं, पुन्हा उघडून बघितलं. बेळगावच्या साहेबांनी सही केली. विमान तेच होतं. ते उचललं गेलं, उसावरून वळलं आणि दिसेनासं झालं. मी वाट बघत उभी होते तेव्हा कुंपणाकडं माझं लक्ष गेलं. पलीकडच्या रस्त्यावर रसाचा गाडा असतो, विमानं बघायला लोक थांबतात. त्या माणसांपासून जरा दूर, पांढऱ्या शर्टातले साहेब जाळीला चिकटून उभे होते. निलंबित माणसाला आत यायची परवानगी नव्हती.

मी हाक मारली नाही. ती परत आली, लांबून, सरळ. नाक उचललं, चाकं अलगद टेकली, ह्या वेळी उसळली नाहीत. विमान हँगरकडं वळलं आणि आतून तिनं मला हात केला. मी धावत कुंपणाकडं गेले.

"साहेब, उतरली ती!"

"व्हय. बघितलं."

"मग चला की, रस पिऊ. मी येते बाहेर."

ते हलले नाहीत. तेव्हा मला दिसलं, त्यांची बोटं जाळीच्या तारांत रुतून बसली होती. पेरं पांढरी पडली होती. त्यांना ती सोडता येत नव्हती.

"सोडा आता," मी म्हणाले.

"सोडतो," ते म्हणाले. पण बोटं उघडेनात. मी आतल्या बाजूनं त्यांचं एकेक बोट तारेतून सोडवायला लागले. ते माझ्याकडं बघतही नव्हते. ते माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते, जिथं धावपट्टीच्या टोकाला दुसरं विमान येऊन उभं राहिलं होतं आणि त्याचा पंखा फिरायला लागला होता.